भरीव, पोकळ

उरणच्या मागच्या टेकडीला वाट नव्हतीच.
पोशा गावंड पुढे, करवंदीवर कोयता चालवत,
मी मागे, खांद्यावर तिपाई,
पिशवीत एक फॉर्म.
भरावासाठी टेकडी फोडायची आहे,
तर आधी लेखी हवंय
भरीव किती, पोकळ किती.

तोफ नाही. तोफेची जागा आहे.
सिमेंटचं गोल जोतं, त्यात लोखंडी कडं,
कड्यावर पांढऱ्या रंगात अंश:
तीनशे दहा, तीनशे वीस, तीनशे
आणि पुढचं गंजाने खाल्लेलं.
बोल्टांच्या भोकांत पाणी,
पाण्यात डासांची वळवळ.
मी होकायंत्र टेकवून पाहिलं.
ऐंशी वर्षांत अर्ध्या अंशाचा फरक,
तोही बहुतेक पृथ्वीचाच.

अंश फक्त समुद्राकडच्या अर्ध्यावर.
मागच्या अर्ध्या कड्यावर काहीच लिहिलेलं नाही,
तिकडे गाव होतं.

आणि समुद्रही आता तिथे नाही.
नळी जिथे बघत असेल तिथे
निळे, विटकरी कंटेनर, एकावर एक,
त्यांच्या वर क्रेनच्या माना.
शत्रू यायची वाट आपणच बुजवली,
अशीच कुठली तरी टेकडी ओतून.

बोगद्याच्या तोंडाशी घाणेरी माजलेली.
"बत्ती लाव," पोशा म्हणाला, "न् वर बगू नुको."
वर वटवाघळं. खाली त्यांची
पिढ्यान् पिढ्यांची मऊ, आंबूस गादी.
टेपचं टोक त्याच्या हातात, डबी माझ्या.
तो थांबतो, मी चालते. तीस मीटर.
हाक मारते, तो येतो.
पुन्हा तीस.

उजवीकडे दारूगोळ्याची खोली, चार बाय पाच.
भिंतीत खिडकीएवढा कोनाडा, त्याला जाड काच,
दिवा काचेच्या पलीकडे ठेवायचा.
एवढी भीती ठिणगीची!
काचेवर आतून कुणीतरी बोटाने
एक होडी काढलेली. शिडाची.
शिपायाने, की गुराख्याने, कोण सांगणार?

"माजा बापूस रेती व्हायचा हितं,
टोपलीन. दोन आने रोज."
"मग तोफा उडाल्या कधी?"
"येक गोला नाय सुटला. येक.
भंगारान गेल्या तोफा. वजनावर."
आणि तो हसला, बोगद्याने ते हसू
आत नेलं, बराच वेळ परत आणलं नाही.

तिसऱ्या तीसला चुलीचे दगड.
छताला काजळी, जमिनीत रुतलेला
हिरव्या बांगडीचा तुकडा.
मी बत्ती धरली, विचारलं नाही काही.
तोच म्हणाला, आवाज खाली आणून,
"जमिनी घेयाला आल्ते ना, तवा.
तीन राती व्हतो. बाया, पोरां.
पोरांच्या तोंडाव हात ठेवून."
मग खूप वेळाने,
"गोली सुटली, हां. तवा सुटली.
मांगून. रस्त्यावरून."

मी हिशेबी बाई आहे. मला कडं आठवलं,
त्याचा कोरा अर्धा भाग.

चौथ्या तीसच्या आधीच बोगदा ढासळलेला,
मातीत वडाची मुळं उतरलेली, केसांसारखी.
एकशे तेरा मीटर.
लिहिलं. पेन ओलाव्याने अडखळत होतं.
रुंदी लिहिली, उंची लिहिली,
गुणाकार केला पोकळीचा.
शेऱ्याची ओळ उरली होती,
तिच्यावर घामाचा थेंब पडून अक्षर फुटलं,
नुसतं 'येथे' एवढंच वाचता येतंय.

"चल पोशादादा, झालं," म्हटलं,
आणि टेप गुंडाळायला घेतली.
ती ताणली गेली.
पलीकडे अंधारात, चुलीपाशी,
त्याने टोक सोडलेलं नव्हतं.
बत्ती मी तिकडे फिरवली नाही.
डबी हातात धरून
उभी राहिले.